हाड रेकॉर्ड

आमच्या घराला दार नव्हतं, पण कर्णा होता. दाराच्या जागी गोणपाट, आणि आत कोपऱ्यात रंग उडालेला भला मोठा पत्र्याचा कर्णा. पावसाळ्यात आई त्याच्या तोंडात काटक्या आणि गोवऱ्या कोरड्या ठेवायची. कर्ण्यातून गाणी निघतात अशी लोकांची समजूत आहे. आमच्यात सरपण निघायचं.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. निरवांगी-कळंबच्या पट्ट्यात ते किसन कर्णेवाला. लग्न, बारसं, जावळ, जयंती, कुठंही मांडव पडला की नाना सायकलला मशीन बांधून निघायचे. मशीन म्हणजे तबकडी फिरवायची पेटी, खाली बॅटरी, आणि लाकडी खोक्यात रेकॉर्डी. कान असा तिखट, की रस्त्यानं जाताना दुसऱ्या गावचा कर्णा ऐकून सांगायचे, "कर्ण्याच्या बुडातलं युनिट जायला लागलंय त्याचं. सांजच्याला बसंल बघ." आणि सांजच्याला ते बसायचंच.

मग कॅसेटी आल्या आणि नाना बघता बघता जुने झाले. त्यांचं वय वाढलं नव्हतं, पण गावानं त्यांना म्हाताऱ्यांत टाकलं. टेप घेऊन फिरणारी पोरं पारावरून ओरडायची, "नाना, तुमच्या ताटल्या आता जेवायला घ्या!" लोक हसायचे. नानाही हसायचे, कारण हसले नाहीत तर आणखी हसतात. घरात ताटल्या खरंच भरपूर होत्या. वाढायला काही नव्हतं, एवढंच.

मी तेव्हा बारामतीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. इंग्रजी स्पेशल. इंग्रजी का घेतलं, असं मला आजही विचारतात. शाळेतल्या एका गुरुजींनी सांगितलं होतं, "तुमच्या लोकांना ते झेपत नाही." म्हणून घेतलं. दुसरं काही कारण नाही, आणि ते पुरेसं होतं. पण वस्ती आडबाजूला. सकाळच्या एस.टी.साठी अंधारात निघून ओढ्यातून रस्त्याला यायचं, आणि गाडी चुकली की पुढची दुपारी. दिवाळीनंतर माझे निम्मे तास असेच बुडाले. आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "ह्या साली ऱ्हाऊ दी परीक्षा. खुरपायला चल माझ्यासंगं." तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली.

माघ लागला की अजूनही माझे डोळे आभाळाकडे जातात. मी आता बारामतीत राहते, पक्क्या घरात. पण इंदापूरच्या रस्त्याला गेले आणि वर भोरड्यांचा थवा दिसला, की मी गाडीची काच वर करते. भोरड्या म्हणजे गुलाबी पोटाच्या, काळ्या डोक्याच्या, साळुंकीएवढ्या. थंडीत कुठून तरी लांबून येतात. शेकड्यांनी उडतात, एकदम वळतात, आभाळात कुणीतरी चादर झटकल्यासारखं दिसतं. शहरातली माणसं दुर्बिणी घेऊन त्या बघायला येतात आणि "वाह" म्हणतात. शाळू, म्हणजे थंडीतली ज्वारी, उभा असतो तोवर त्या शाळूत असतात. शाळू काढला की सगळी फौज द्राक्षबागेवर. आणि द्राक्षात नेमकी तेव्हाच साखर भरत असते.

आण्णांची बाग इंदापूर-बारामती रस्त्याला लागून होती. आण्णा म्हणजे आमच्या भागातले मोठे बागाईतदार. पांढरी टोपी, जीप, आणि आवाज असा की कर्ण्याची गरज नाही. त्यांनी नानांना बोलावून घेतलं. "किसन, तुझा कर्णा बागंत लाव. दिवस उगवल्यापासनं मावळंस्तोवर वाजला पायजे. पंपाच्या खोलीत ऱ्हावा तिघं. फळ उतरंपर्यंत तुमचं हितं बिऱ्हाड. पाखरू बसलं की बिऱ्हाड उचलायचं." नानांनी मान हलवली. मी फक्त एक बघितलं. पंपाच्या खोलीसमोर एस.टी. थांबत होती. सकाळची, बारामतीची.

म्हणजे हिशेब साधा होता. आम्ही त्या खोलीत टिकलो तर मी परीक्षेला बसणार. पाखरू बसलं तर नाही.

नानांनी पहिल्या दिवशी आपल्या खोक्यातली लग्नाची गाणी लावली. भोरड्या आल्या, तारांवर बसल्या आणि वरातीला आल्यासारख्या द्राक्षं खायला लागल्या. आण्णांचा मुलगा विक्रम तिथं उभा होता. पुण्याला होस्टेलवर शिकायचा, डोळ्यांवर केस, पायात पांढरे बूट, मातीत उतरताना पाय उचलून टाकायचा. तो पोट धरून हसला. "नाना, पाखरांचं लग्न लावताय का?" मग जीपमधून त्यानं एक मोठी रेकॉर्ड काढून आणली. काळं कव्हर, त्यावर पांढरा घोडा, आणि घोड्याला डोळेच नाहीत. त्यानं आता सीडी घेतली होती, त्याला तबकड्यांचा कंटाळा आला होता. "ही लावा. माणसं पळतात ही ऐकून. हार्ड रॉक आहे हे."

नाना वळून मला म्हणाले, "हाड रेकॉर्ड हाय म्हनं."

हाड म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. दारात आलेल्या कुत्र्याला म्हणतात. कोंबडीला हुश, कुत्र्याला हाड. आणि माझ्या आजाला पाणवठ्यावर हेच म्हणायचे, वेगळं काही नाही. त्यामुळे पाखरं हाकायच्या रेकॉर्डचं नाव हाड असावं, ह्यात नानांना नवल वाटलं नाही. त्यांना वाटलं, विलायतेत ह्याच कामासाठी काढली असेल.

सुई टेकली. आधी नुसतं खरखर, मग गिटारीचा असा आवाज, जसा कुणी पत्र्याचं शेड ओढत डांबरी रस्त्यावरून नेतंय. त्यावर ढोल. त्यावर एक माणूस किंचाळायला लागला. बागेतून भोरड्या उठल्या, एकदम, सगळ्या, आणि ओढ्यापलीकडं गेल्या. खुरपणीच्या बायकांनी कानावर हात ठेवले. विहिरीवरचा बैल दावं तोडून पळाला. आण्णा खूश. "ह्याला म्हंत्यात रेकॉर्ड!"

त्या दिवसापासून तीच. वरची बाजू संपली की खालची, खालची संपली की वरची. उन्हानं तबकडी वाकायला लागली, सुई उडायला लागली, तेव्हा नानांनी सुईच्या दांडीवर एक खडा बांधला. मग ती उडेना, खोल कोरत निघाली. पाखरं निगरगट्ट झाली तेव्हा नानांनी चक्र जोरात फिरवलं. किंचाळणारा माणूस बाईसारखा किंचाळू लागला. तेही पाखरांच्या सवयीचं झालं, तेव्हा त्यांनी आवाज वाढवला. मग आणखी. ते मशीनशेजारीच बसायचे, कर्ण्याच्या बुडाशी, कारण लाईट गेली की लगेच बॅटरीवर घ्यावं लागे. आवाज एका पळापुरता थांबला तरी आण्णांची हाक रस्त्यापर्यंत यायची, "किसन्या, मेला का काय रं?"

मी त्यात अभ्यास करायचे. कानात कापूस, कापसावर ओढणी, मांडीवर वही. आजही मला इंग्रजी व्याकरणाचा एखादा नियम आठवला की त्याच्या मागे ढोल वाजतो.

कव्हरच्या आत एक कागद होता, गाण्यांचे शब्द छापलेला. मी डिक्शनरी घेऊन बसले. त्या वेळी माझं इंग्रजी हे असं होतं: एक ओळ, तीन शब्द शोधायचे. दोन दुपारी घातल्या आणि कळलं, की हा बाबा एवढा आकांत करून एवढंच सांगतोय की ती गेली आणि घर थंड पडलंय. खुरपणीच्या बायका डबा खायला सावलीत बसल्या होत्या. त्यांतली सखूमावशी सगळ्यांत तोंडाळ. तिनं विचारलं, "शालन, काय म्हंतोय गं त्यो?"

"बायको सोडून गेली म्हणतोय."

सखूमावशीनं घास गिळला. "मग हे असलं बोंबलल्यावर कशी यील माघारी?"

कॉलेजात मात्र माझी अशी मजा झाली नाही. तासाला सरांनी मला उठवून उतारा वाचायला लावला. त्यात तो शब्द आला. मी म्हटलं, "हाड." वर्ग हसला. सर म्हणाले, "हार्ड. मध्ये र आहे बाळ, र. तुमच्याकडे र नसतो का?" वर्ग आणखी हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी कुत्र्याला हाकलतात तसं हळूच म्हणालं, "हाड, हाड." त्यानंतर ते कॉरिडॉरमध्येही ऐकू यायला लागलं. मी आडनाव विचारून जागा ओळखणाऱ्या माणसांत वाढलेली, मला त्याचं काही लागलं नाही असं मी सांगू शकते. पण लागलं. पुढं मला कळलं, की इंग्लंडातली माणसं तो र उच्चारतच नाहीत. हे त्या सरांना सांगायला मिळालं नाही, ही माझ्या आयुष्यातली एक राहून गेलेली गोष्ट आहे.

फेब्रुवारीच्या मध्यावर आण्णांनी भिगवणहून जुनी मासेमारीची जाळी आणली. रस्त्याकडच्या ओळींवर ती टाकली. उजनीच्या पाण्याचा वास बागेत आला. पहाटे बघावं तर जाळ्यात भोरड्या अडकलेल्या, पंख मुरगळलेले, चोच उघडी. त्या सोडवायचं काम आईकडं आलं. सोडवायचं म्हणजे मान पिरगाळून काढायचं. आण्णांचं म्हणणं, मेलेल्या उलट्या टांगा तारेला, बाकीच्यांना जरब बसंल. आई टांगायची. वाऱ्यावर त्या हलायच्या, गुलाबी पोटं वर, आणि जिवंत भोरड्या त्यांच्याशेजारी बसून द्राक्षं खायच्या. जरब वगैरे काही बसत नसते. उपाशी जिवाला शेजारचा मेलेला दिसत नाही, हे मला आण्णांच्या आधीपासून ठाऊक होतं. संध्याकाळी टांगलेल्यांतल्या काही काढून बायका ओच्यातून न्यायच्या. आम्हीही खाल्ल्या. कशा लागतात हे विचारू नका.

हल्ली पुण्यात एका हॉटेलात गेले होते, भाच्याच्या, म्हणजे चुलतभावाच्या पोराच्या, हट्टानं. भिंतीभर तबकड्या चिकटवलेल्या. भाचा म्हणाला, "आत्या, ह्याचे शौकीन असतात. हातमोजे घालून धरतात. काही तर सील फोडतच नाहीत, वाजवतच नाहीत." मी विचारलं, "मग काय करतात?" "ठेवतात." गाणं ठेवायचं, ऐकायचं नाही. देवळातल्या देवाला कुलपात ठेवणारी माणसं मला माहीत होती. गाण्याचंही तेच करतात हे नवीन कळलं. माझ्यासमोर कॉफी आली, तिच्यावर फेसाचं पान काढलेलं. मी ते चमच्यानं मोडलं.

शौकीन मी आधीही बघितला होता. एकच. मार्च उजाडला तेव्हा विक्रमबरोबर पुण्याहून त्याचा मित्र बाग बघायला आला. बारीक दाढी, खांद्याला झोळी. द्राक्षं खात खात मशीनजवळ आला, आणि तिथं पडलेलं घोड्याचं कव्हर बघून त्याच्या हातातला घड खाली पडला. कव्हर उचललं, उलटं केलं, कडा बघितल्या, चक्क वास घेतला. "विक्रम! ही ओरिजिनल आहे, यार! लंडनची, पहिल्या छपाईची! हिच्यासाठी लोक एकमेकांचे गळे धरतील!"

विक्रमचा चेहरा बदलला. टाकून दिलेल्या वस्तूला कुणी हात लावला की ती आपली असल्याचं आठवतं, तसा. "रेकॉर्ड काढा, नाना."

नाना त्याच्याकडं बघून हसले. "व्हय, चांगली चालती."

"अहो, काढा म्हणतोय!"

"व्हय व्हय. दीसभर लावतो. खंड न्हाय."

विक्रमला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. त्यानं पुढं होऊन सुई ओरबाडून काढली. कित्येक दिवसांनी बागेत दिवसाउजेडी पहिल्यांदा शांतता झाली. पानं सळसळलेली ऐकू आली. लांब कालव्याचं पाणी ऐकू आलं. आणि नाना अजून ओरडूनच बोलत होते, आवाज चालू असल्यासारखे. "मशीन झ्याक हाय मालक! आवाज बगा कसा खणखणीत!" एकटेच, त्या शांततेत, मोठमोठ्यानं.

रात्री नाना दमून भाकरी खाताच आडवे व्हायचे, आधी ध्यानातच आलं नव्हतं. मला तेव्हा कळलं. आईलाही. तिनं हातातली टोपली खाली ठेवली. सखूमावशीलाही कळलं असावं, कारण तिनं नानांकडं बघून पदर तोंडाला लावला.

मित्रानं तबकडी उन्हात तिरकी धरली. औषधाच्या फवाऱ्याचा निळा डाग, धूळ, आणि किसणीवर घासल्यासारखे चरे. तो बांधावर बसला. डोक्याला हात लावला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं सांगत नाही. "जनावरं आहात का रे तुम्ही? खून केलाय हिचा." हे तो माझ्या बापाकडं बघून म्हणाला. मित्राच्या देखत आपली लाज निघाली म्हणून विक्रम पेटला. "नाना, अक्कल गहाण टाकली का? काय दिलं होतं तुमच्याकडं, कळतंय का काही?"

नाना त्याच्या ओठांकडं बघत होते. आमच्या भागात अंदाज बांधून जगायला लोक लहानपणीच शिकतात. त्यांनी अंदाज बांधला आणि मान हलवून म्हणाले, "व्हय जी. किरपा हाय तुमची."

मित्रानं जाताना कव्हर झोळीत घातलं. ते चांगलं होतं, त्याला किंमत होती. तबकडी विक्रमनं हौदाच्या काठावर आपटली. तिचे तुकडे झाले. नाना एक एक तुकडा वेचायला लागले. त्यांना वाटलं, चिकटवता येईल.

संध्याकाळी आण्णा आले. पोराची रेकॉर्ड गेली ह्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांना पाखरांचं होतं. "किसन, उद्या काय लावनार?" नाना माझ्याकडं बघायला लागले, काय विचारलं ते मी खुणेनं सांगावं म्हणून. मी खूण केली. आण्णांनी ती बघितली, आणि त्यांच्याही ध्यानात आलं. मला वाटलं, आता माणसासारखं काही बोलतील. म्हणाले, "बहिरा कर्णेवाला. आता काय डोंबलाचं वाजवनार ह्यो? उद्या एक पाखरू बसलेलं दिसलं तर सामान भायेर."

सकाळी भोरड्या यायच्या आत नानांनी ट्रंक उघडली. जयंतीच्या भाषणांना लावायचा माईक त्यात होता, जुन्या धोतरात गुंडाळलेला. त्यांनी तो मशीनला जोडला, बोटानं टक टक केलं, "हॅलो, हॅलो" म्हणाले आणि मान वाकडी करून ऐकत राहिले. मग माईक माझ्या हातात दिला. मी हातानं विचारलं, काय बोलू?

"तुझं जे काय हाय ते वाच. हितंच बसून वाच. पाखराला काय, नवा आवाज पायजे."

कॉलेजला परीक्षेआधीची सुट्टी लागलीच होती. मी वही उघडली. समोर शोकांतिकेवरचं उत्तर होतं. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि माझा आवाज बागेवरून, रस्त्यावरून, पलीकडच्या उसावरून गेला आणि डोंगरावर आपटून माघारी आला. भोरड्यांचा थवा खाली उतरत होता, तो मधेच वळला. रेकॉर्डची सवय झालेल्या पाखरांना माणसाच्या आवाजाची सवय होत नाही, कारण माणूस चुकतो, अडखळतो, थांबतो, पुन्हा जोरात बोलतो. मी तर फारच अडखळायचे. माझं इंग्रजी वाईट होतं, म्हणून बाग वाचली, असंही म्हणता येईल.

बायकांना तर करमणूकच झाली. "शालन मडम आल्या, उठा!" एक ओरडायची. दुसरी म्हणायची, "अगं मराठीत सांग की, पाखरं हितलीच हायत!" मग मी आधी इंग्रजीत वाचायचे आणि मागोमाग मराठीत सांगायचे. सांगताना अडलं की ध्यानात यायचं, हे मला कळलेलंच नाही. कॉलेजातल्या तीन वर्षांत जे कळलं नव्हतं ते मी त्या पंधरवड्यात कर्ण्यातून शिकले. शोकांतिका म्हणजे काय ते मी एका सकाळी सगळ्या शिवाराला सांगितलं. "मोठा माणूस असतो. त्याच्या हातनं चूक होते. आणि त्याचं वाटोळं होतं. त्याला ट्रॅजेडी म्हणतात."

सखूमावशीनं वेलाखालून मान बाहेर काढली. "आन बारक्या मानसाचं वाटुळं झालं तर?"

मी वही चाळली. सरांच्या नोट्समध्ये ते नव्हतं. "त्याला ट्रॅजेडी म्हणत न्हाईत."

"मग काय म्हंत्यात?"

माईक चालू होता. "काईच म्हणत न्हाईत," मी म्हणाले, आणि कर्ण्यानं ते सगळीकडं नेलं.

नाना माझ्या शेजारी बसायचे. पाखरं उठलेली दिसली की त्यांना कळायचं, मी बोलतेय. माझ्या ओठांकडं ते बघत नव्हते. आभाळाकडं बघायचे.

फळ उतरायला लागलं. रस्त्याकडेला गाड्या लागल्या, व्यापारी आले, पेट्या भरल्या जाऊ लागल्या. आण्णा व्यापाऱ्यांना ऐटीत सांगत होते, "आमच्या बागंला इंग्रजीचा क्लास लावलाय." व्यापारी हसत होते. शेवटचा घड उतरला त्या दिवशी दुपारी आण्णा पंपाच्या खोलीपाशी आले. माझा पहिला पेपर त्याच आठवड्यात होता.

"झालं काम. आवरा आता. रातच्याला खोलीत खत उतरवायचंय."

मी सांगितलं, "आण्णा, पेपर होऊ द्या. तेवढे दिवस. आम्ही झाडलोट करू."

"फळ उतरंपर्यंत म्हनलं होतं का न्हाय?"

"म्हटलं होतं."

"मग? शब्द म्हंजी शब्द. परीक्षा काय आमी काढलीय व्हय? आन तुला बी.ए. होऊन कुठं कलेक्टर व्हायचंय?" मग त्यांचा आवाज खाली आला, फक्त आमच्यापुरता, गाड्यांपाशी उभ्या असलेल्या माणसांना ऐकू जाणार नाही असा. मोठी माणसं खरं असंच बोलतात, खालच्या आवाजात. "लाडानं जवळ घेतलं की डोक्यावर बसताय. तुमची जातच…"

मशीन चालूच होतं. मी माईक उचलला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला.

"हाड!" आण्णा माझ्या अंगावर ओरडले. "हाड हितनं!"

ते बागेवरून गेलं. रस्त्यावरून गेलं. गाड्यांपाशी पेट्या मोजणारे थांबले. एस.टी.च्या थांब्यावरच्या माणसांनी माना वळवल्या. डोंगरानं ते एकदा पुन्हा म्हणून दाखवलं, जरा सावकाश. ओढ्यापलीकडच्या बाभळीवरून भोरड्या उठल्या.

आण्णांनी स्वतःचा आवाज ऐकला. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, बाहेरून, बाकीच्यांना ऐकू येतो तसा. त्या सालात त्यांना सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. त्यांनी माईककडं बघितलं, गाड्यांकडं बघितलं, थांब्यावरच्या माणसांकडं बघितलं, आणि टोपी नीट केली. "पेपर होऊंद्यात," ते म्हणाले, आणि हे मात्र मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आमी काय परके हाय का?"

मी माईक खाली ठेवला. नाना विचारत होते, "काय म्हनले? काय म्हनले?" मी त्यांना मान हलवून सांगितलं, राहायचं. कसं राहायचं झालं ते सांगितलं नाही. खुणेनं सांगण्यासारखं ते नव्हतं.

पेपर संपले त्या संध्याकाळी आम्ही खोली सोडली. कर्णा आण्णांनीच ठेवून घेतला, पुढच्या सालासाठी म्हणून. विचारून वगैरे नाही. पुढच्या साली त्यावर टेप लावला आणि बॅटरीशी एक पोरगं बसवलं, असं ऐकलं. नानांच्या कानात नंतर कायमचा एक आवाज राहिला. ते म्हणायचे, गिटार हाय बहुतेक. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नस गेली. नाना मला म्हणाले, "काय म्हनले?" मी म्हणाले, "बरं होईल." त्यांनी ओठांचा अंदाज बांधला आणि मान हलवली.

निकाल पावसाळ्याच्या तोंडावर लागला. कॉलेजच्या भिंतीवर यादी लावली होती आणि तिच्यापुढं मागच्या बाकावरचे सगळे उभे होते. त्यांतले बरेच इंग्रजीत राहिले होते.

मी सेकंड क्लासमध्ये बी.ए. झाले. इंग्रजी घेऊन. आमच्या वस्तीवरची पहिली.